भावोजींच्या माश्या

"वहिनी, माझ्या माश्या सोडा!"

सकाळची वेळ. मी टाकीच्या नळाखाली हंडा लावून उभी होते, आणि वरच्या बांधावरून ही आरोळी. मान वर करून बघते तर आमचे धाकटे दीर. एका हातात फवाऱ्याची नळी, दुसरा कमरेवर, आणि तोंड असं, जशी काही मी त्यांची गाय कोंडून ठेवलीय.

"कसल्या माश्या, भावोजी?"

"मधमाश्या! सोंग घेऊ नका. माझी बाग फुलांनी वाकलीय, पण एक माशी फिरकत नाही. आणि तुमच्याकडं ऐका जरा! नुसता घूं घूं आवाज. काय फासलंय झाडांना? साखरेचं पाणी?"

"चहात घालायला साखर पुरत नाही इथं, ती झाडांना पाजू होय?"

"मग त्या तुमच्याकडंच का येतात?"

"त्यांनाच विचारा की. मी काय सतरंजी अंथरून बोलावलंय त्यांना?"

"मागच्या साली पण हेच झालं. सगळा मोहोर गळून भुसा झाला. या साली फळ घेणाऱ्या कंपनीची बाई बाग बघायला येणारय. फळ धरलं नाही तर तिला काय दाखवू, पानं?"

"फवारणी दाखवा. ती तर रोज चालूय."

झालं. भावोजींनी नळी बांधावर आपटली आणि तरातरा निघून गेले. जाताना म्हणाले, "बघतोच मी तुमच्याकडं." मी म्हटलं, बघा. बघायला पैसे पडत नाहीत.

गावात भावोजींना तुफान म्हणतात आणि आमच्या ह्यांना निवांतराव. एकाच आईच्या पोटचे दोघे, पण एकाला बूड टेकवता येत नाही आणि दुसऱ्याला उचलता येत नाही. सासऱ्यांनी जाताना डोंगराचा उतार दोघांत वाटून दिला आणि माथ्यावरचं रान सामाईक ठेवलं. त्या रानाच्या पायथ्याशी झरा आहे. तिथून नळी टाकून पाणी आमच्या टाकीत घेतलंय. बारीकच धार, पण आजवर कधी तुटली नाही. माझं घर, गुरं, बाग, सगळं त्या धारेवर.

मग गावात लोणीफळ आलं. शहरातली माणसं त्याला अवाकाडो म्हणतात आणि कुस्करून पावाला फासतात म्हणे. मी एकदा चाखून बघितलं. साबण बरा. पण भाव असा की गावातल्या शहाण्यांनी रात्रीतून कुऱ्हाडी पाजळल्या. भावोजी सगळ्यांच्या पुढं. आपल्या वाट्याचं एकूण एक झाड त्यांनी आडवं केलं, बुंधे जाळले, दोरी लावून ओळीत रोपं लावली. पानाचा कचरासुद्धा खाली ठेवला नाही. उन्हाळ्यात त्या जमिनीवरून चालावं तर चटका चपलेतून वर यायचा. पाण्याला बोअर मारली. ती दुसऱ्याच उन्हाळ्यात खोकायला लागली, म्हणून आणखी खोल मारली.

आणि आमचे हे? ह्यांच्या कुऱ्हाडीचा दांडा मोडला होता.

"दांडा बसवला की तोडू," म्हणाले. आठवडा गेला, महिना गेला. रोपं आणून पडलेली, सुकायला लागली. शेवटी हे उठले आणि जिथं दोन झाडांमध्ये फट दिसली तिथं खड्डा मारून एकेक रोप टोचलं. ना ओळ, ना दोरी. इथं जुनं झाड, तिथं झुडूप, मध्येच लोणीफळ. पाचोळा झाडायचा तर नावच नको. गाव बघायला यायचं आणि पोट धरून हसायचं. आळशाची बाग म्हणायचे. मी तर ह्यांना रोज जेवणाआधी दोन शिव्या आणि जेवणानंतर दोन शिव्या घालत होते. त्यावर हे म्हणायचे, "झाडांना सावली झाली गं." झाडांना कसली, ह्यांच्या खाटेला झाली सावली.

पण पाचोळ्याखालची माती ओली राहायची, आणि माथ्यावरच्या रानातल्या माश्या सरळ खाली आमच्याकडं उतरायच्या. आमची बाग ओबडधोबड, पण झाडं फळांनी लगडलेली. ह्यात आमच्या ह्यांची अक्कल काडीची नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. पुढं त्याचं फार कौतुक झालं, म्हणून सांगते.

तर त्या सकाळच्या भांडणानंतर भावोजी संध्याकाळी आमच्या पडवीत हजर. हे खाटेवर आडवे. मी आत चूल पेटवत होते, पण कान बाहेर.

"दादा, मला सगळं उमगलं," भावोजी म्हणाले.

"काय?"

"माश्यांचं. त्या राहतात कुठं? माथ्यावरच्या रानात. तिथं रानफुलं आयती मिळतात, तुझी बाग रानाला लागून, म्हणून तुझ्यावर उतरतात. माझ्यापर्यंत कशाला येतील? पोट भरलेलं."

"असंल."

"मग ते रानच काढलं तर? जातील कुठं? झक मारत माझ्या फुलांवर येतील. डोंगरभर दुसरं फूलच राहणार नाही! वर आणि माथा मोकळा झाला की तिथं नवी रोपं लावू. निम्मी तुझी, निम्मी माझी. तुला हातसुद्धा हलवायला नको."

मी फुंकणी टाकून बाहेर आले. अशी अक्कल देव वाटत होता तेव्हा हा माणूस रांगेत दोनदा उभा राहिला असणार.

"भावोजी, पाहुणे जेवायला येत नाहीत म्हणून तुम्ही त्यांचं घर पाडणार?"

"वहिनी, हे शेतीतलं आहे."

"आणि झरा? रान गेल्यावर माझ्या टाकीत काय तुमचा घाम पडणार?"

"बोअर मारा. जगात कोण झऱ्यावर बसलंय आता?"

"तुमची बोअर खोकतेय, तिला आधी औषध द्या!" मग मी ह्यांच्याकडं वळले. "अहो, तुम्ही बोला की काही. तोंडात काय बोळा कोंबलाय?"

ह्यांनी कूस बदलली. भावाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. दोघांत कमी कटकट कुठली, याचा हिशेब झाला असावा.

"कर बाबा तुला काय करायचंय ते," म्हणाले, आणि डोळे मिटले.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. आमच्याकडं दांडाही नव्हता, नुसती जीभ पुरली. त्या दिवशी मी ह्यांना ताट वाढलं आणि ते त्यांच्यापासून चार हात लांब ठेवलं. हवं असेल तर उठा म्हटलं. उठले नाहीत. मांजर जेवलं.

दुसऱ्या दिवशी करवतवाला आला. गावोगाव फिरून झाडं पाडणारा माणूस, खांद्यावर मशीन, डोक्यावर कानटोपी, अंगात जाड कोट. त्याच्यापुढं भावोजी, उघड्या डोक्यानं, बाह्या सरसावून. मी मागोमाग चढले. माझ्या हातात काही नव्हतं आणि मनात काही डाव नव्हता. पण घरात बसून ती मशीन ऐकायची, हे माझ्यानं होणारं नव्हतं.

माथ्यावर गार होतं. झऱ्याकडची माती काळी, पायाला चिकटणारी. मी पुन्हा सांगून बघितलं.

"भावोजी, हे सासऱ्यांनी दोघांत ठेवलंय. मला पाण्याला दुसरा आधार नाही."

"दादानं हो म्हटलंय."

"दादा खाट पेटली तरी हो म्हणतील!"

"कुठून सुरू करू?" करवतवाल्यानं विचारलं. त्याला आमच्या घरच्या भांडणाशी काय घेणं?

भावोजींनी नजर फिरवली. रानाच्या मधोमध सगळ्यात जुनं झाड, दोघांच्या कवेत न मावणारं. त्याच्या बुंध्याला पुरुषभर उंचीवर एक ढोली आहे. मी तिथनं वाळल्या काटक्या गोळा करते, त्यामुळं त्या ढोलीत कोण राहतं ते मला चांगलं ठाऊक.

"हेच घे. ह्याचंच लाकूड सगळ्यात जास्त निघंल."

"भावोजी," मी म्हटलं, "त्या झाडाला नको. त्याच्यात—"

"वहिनी, एक शब्द बोलायचा नाही!"

"अहो, पण त्या ढोलीत—"

"एक शब्द नाही म्हटलं ना! बायकांनी मध्ये तोंड घातलं की काम नासतं."

"बरं बाबा. नाही बोलत."

मी पदर डोक्यावरून तोंडाभोवती घट्ट गुंडाळला आणि उताराला लागले. पार खाली, टाकीजवळ येऊन थांबले. सांगायचं होतं ते दोनदा सांगून झालं होतं.

मशीन सुरू झाली. घर्र घर्र करत लाकडात शिरली. मग तिचा आवाज अडखळला, बंद पडला, आणि तिच्या जागी दुसराच आवाज आला. तो रोज आमच्या बागेत ऐकू येणाऱ्या आवाजासारखाच होता, पण आता चिडलेला. मोहोळ उठलं होतं.

आधी करवतवाला दिसला. पलीकडच्या उतारानं, मशीन तिथंच सोडून, जाड कोटासकट गडगडत गेला तो पुन्हा गावात दिसला नाही. मग आमचे तुफान आले. जन्मात पहिल्यांदा त्या माणसाला ते नाव शोभलं. दोन्ही हात डोक्यावर, तोंडानं आईचा धावा, आमच्या आळशी बागेतल्या झाडांना आपटत, झुडपांत अडकत, सुटत, आणि मागं काळा लोट. मला बघितलं आणि ओरडले, "वहिनी, पाणी!"

मी टाकीकडं बोट दाखवलं. शिडी होती, पण शिडी कुणाला हवी? कशी उडी मारली देव जाणे. गळ्यापर्यंत पाण्यात, मग नाकापर्यंत. ज्या झऱ्यावर आता जगात कुणी बसत नाही म्हणत होते, त्याच्याच पाण्यात बसले. मी गोठ्यात शिरून दाराच्या फटीतून बघत होते. माश्या टाकीवर घिरट्या घालत होत्या, आणि श्वासाला डोकं वर काढलं की एकदोघी हजर.

मी फटीतून विचारलं, "भावोजी, आल्या का माश्या?"

बुडबुडे आले.

पडवीतून ह्यांचा आवाज आला, "काय गं, काय झालं?"

"काही नाही. तुमच्या भावाच्या माश्या होत्या, त्या घरी परत आल्या. तुम्ही घोंगडी डोक्यावर घ्या आणि पडून राहा." एवढं मात्र हे मन लावून करतात.

माश्या पांगल्यावर मी आणि धाकट्या जावेनं मिळून भावोजींना बाहेर काढलं. तोंड कुठं संपतं आणि मान कुठं सुरू होते, कळेना. डोळ्यांच्या दोन चिरा, ओठ उलटे. जाऊ रडत होती. मला वाईट वाटलं का? वाटलं. जावेसाठी वाटलं.

दोन दिवसांनी ती चोरून माझ्याकडं आली. मी भांडी घासत होते. शेजारी बसली आणि एक पातेलं उगाच घासायला लागली.

"जाऊबाई, तुमचे भावोजी ऐकत नाहीयेत हो."

"आता काय काढलं?"

"ती बाई बाग बघून गेली की रानाला काडी लावणार म्हणतात. आधी ढोलीत रॉकेल, मग सगळ्यालाच. करवतवाला नको आणि कुणी नको. सूज कमी, राग जास्त."

माझ्या हातातली घासणी थांबली. करवतीला झाडामागून झाड लागतं, मध्ये माणूस थकतो, शहाणा होतो. आगीला तसं नसतं. एका दुपारीत माथा काळा, आणि मग माझी टाकी पण भावोजींच्या बोअरसारखी खोकत बसणार. मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तो काय, बोलतो तेवढं करत नाही." करतो! तो बोलतो त्याच्या आधी करतो, म्हणून तर गावात कुणी त्याला काडेपेटी देत नाही.

मग कंपनीची बाई आली. पायात बूट, डोक्यावर टोपी, बोलायला बरी. आधी आमच्या बागेत शिरली, कारण रस्ताच तसा. आणि तिथं जी थांबली ती हलेचना. पाचोळा उकरून माती हातात घेतली, वास घेतला. झाडांकडं बघून चक चक करायला लागली. मला वाटलं, हसतेय. पण तिचे डोळे मोठे झालेले.

"रानातली झाडं ठेवून मध्ये लावलीत? माती झाकून ठेवलीत? हे तुम्हाला कुणी शिकवलं? कसं सुचलं?"

आमचे हे खाटेवर उठून बसले होते. पाहुणी होती ना, तेवढं तरी.

"कुऱ्हाडीला दांडा नव्हता," म्हणाले.

बाई खळखळून हसली. "किती साधी माणसं असतात," म्हणाली. साधी! बाई गं, दोन दिवस राहा ह्यांच्याबरोबर. तिसऱ्या दिवशी तूच दांडा बसवून ह्यांच्या डोक्यात घालशील.

मग तिनं स्पष्टच सांगितलं. "आमचं फळ बाहेर जातं. तिकडचे लोक विचारतात, यासाठी जंगल तोडलं का? मागं झालं ते झालं. पण आता जो एकही झाड तोडेल, त्याचं फळ आम्ही घेणार नाही. आणि उघड्या बागेत मधे मधे रानातली झाडं लावावी लागतील. फुलोऱ्यात फवारणी बंद."

भावोजी शेजारी उभे होते. सुजलेल्या तोंडावरचा रंग कळत नव्हता, पण उडाला असणार.

"वर रान आहे ना? चला, बघू," म्हणाली आणि चढायलाच लागली. भावोजी मागं, मी त्यांच्या मागं, जाऊ माझ्या मागं. हे आले नाहीत. चढ आहे.

माथ्यावर ते जुनं झाड तसंच उभं होतं आणि त्याच्या बुंध्यात ती मशीन रुतलेली. माश्या ढोलीत शांतपणे येत जात होत्या. बाई लांबच थांबली.

"हे काय?"

मी भावोजींकडं बघितलं. त्या चिरांसारख्या डोळ्यांत काहीतरी चमकलं, आणि सुजलेल्या ओठांतून शब्द आले, "चोर... चोर आला होता. मी अडवला."

"आणि हे तोंड?"

"अडवताना... माश्या..."

बाईचा हात छातीवर गेला. "तुम्ही या झाडासाठी एवढं सोसलं?"

चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण चोर स्वतःच राखणदार होऊन शाबासकी मागतो, हे पहिल्यांदा बघितलं. माझ्या जिभेच्या टोकावर सगळं आलं. हाच तो चोर, बाई. ह्यानंच आणली करवत. म्हटलं असतं तर काय झालं असतं? बाई निघून गेली असती, भावोजींना गमवायला काही उरलं नसतं, आणि दुपारपर्यंत हा माथा पेटला असता. जाऊ माझ्याकडं बघत होती. पदराचं टोक दातात धरलेलं.

मी ते सगळं गिळलं. कडू होतं.

"खरंय बाई," मी म्हटलं. "आमच्या भावोजींसारखा माणूस शोधून सापडायचा नाही. ह्या रानावर पोटच्या पोरासारखा जीव. कालच शब्द दिला त्यांनी आम्हाला. म्हणाले, वहिनी, या माथ्यावरचं एक झाड तुटलं, एक फांदी जळली, तरी मी माझी सगळी बाग स्वतःच्या हातानं उपटून टाकीन. होय ना, भावोजी?"

भावोजींनी तोंड उघडलं.

"होय ना हो?" मागून जाऊ म्हणाली. आवाज बारीक, पण खणखणीत. "मी पण ऐकलं."

भावोजींनी मान डोलावली. दुसरं काय करणार? बाईनं डोळे पुसले, फोटो काढला. सुजलेले भावोजी, रुतलेली करवत, मागं माझं रान.

पुढच्या खेपेला बाईनं लोखंडी पाटी पाठवली. रानाच्या तोंडाशी लावलीय. त्यावर भावोजींचा फोटो, सूज उतरल्यावरचा, आणि खाली मोठ्या अक्षरात "या रानाचे रक्षक". आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा, फोटोसकट. गावातली जी माणसं आमच्या बागेला हसत होती ती आता भावोजींना विचारतात, माती झाकायची कशी, झाडं ठेवायची कुठली. भावोजी तासभर सांगतात. आपल्या उघड्या ओळींत रानातली रोपं लावताना मात्र आमच्या पडवीत आले होते. "दादा, तू नेमकं काय केलंस?"

"काही नाही," हे म्हणाले.

"तसं नव्हे, पण केलंस काय?"

"अरे, काहीच नाही!"

हे एक वाक्य ह्यांनी आयुष्यात खरं आणि ठासून सांगितलं, आणि ते भावोजींना अजून कळलेलं नाही. ह्यांनी ती पाटी अजून बघितलेली नाही. चढ आहे.

परवा मी नेहमीसारखी माथ्यावर गेले. वाळल्या काटक्या गोळा केल्या, मोळी बांधली, डोक्यावर घेणार तेवढ्यात मागून आरोळी.

"वहिनी! ठेवा ती मोळी खाली!"

बघते तर राखणदार. हातात काठी, गळ्यात शिट्टी. शिट्टी कुठून पैदा केली कोण जाणे.

"वाळल्या काटक्या आहेत, भावोजी."

"वाळल्या असोत नाहीतर ओल्या. ह्या रानाला कुणी हात लावायचा नाही. घरच्यांना सूट दिली तर गाव काय म्हणंल? मी ह्या रानासाठी तोंड सुजवून घेतलंय!"

डोकं असं तडकलं की मोळीतली एक काटकी काढून हाणावी. जिच्या जिभेनं हे रान वाचलं, तिलाच हा रानातून हाकलतो. पण खाली झऱ्यावर ऊन पडलं होतं, नळीतून पाणी जाताना दिसत होतं, आणि माझ्या लक्षात आलं की ह्या माणसाला आता काडेपेटी दिली तरी तो स्वतःची बिडी पेटवायला गावाबाहेर जाईल.

मी मोळी तिथंच टाकली.

"ओरडा, भावोजी," मी म्हटलं. "चांगलं मोठ्यानं ओरडा. शिट्टी पण वाजवा."

ते खरंच वाजवत बसले. मी खाली उतरले आणि टाकीच्या नळाखाली हंडा लावला. शिट्टी वाजत होती, आणि हंडा भरत होता.